स्क्रिप्ट लिहूच नका

तुम्ही विचारलंय की वेगवेगळ्या भाषेच्या, धर्माच्या तरुण पोरांना नाटकातून आरोग्याचं सांगितलं तर खरंच फरक पडतो का, आणि स्क्रिप्ट कशी लिहायची. दुसरं आधी सांगतो, लिहूच नका. आमच्या कोकणातल्या दशावतारी नाटकात लिहिलेले संवाद नसतात, आख्यान ठरतं, कोण राजा कोण राक्षस ते ठरतं, बाकी सगळं उभ्याउभ्या सुचेल तसं, तरी माणसं रात्रभर हलत नाहीत. मुंबईचे वर्कशॉपवाले येऊन आम्हाला ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआलचं फोरम थिएटर शिकवतात, 1970 च्या दशकातलं, प्रेक्षकाने नाटक थांबवायचं आणि स्वतः उठून करून दाखवायचं. चांगलं आहे, मीही तेच वापरतो, पण न लिहिता बोलायचं कसं हे इथल्या पोरांना बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही.

देवगडकडे आम्ही टीबीवर केलेलं. बंदरावरची गाबित, म्हणजे मच्छीमारांची पोरं, मोहल्ल्यातली, चिरेखाणीवरच्या कानडी कामगारांची, आणि हापूसच्या बागेत राखणीला असलेले नेपाळी. सगळ्यांत मिळून भाषा एकच, मोडकं हिंदी आणि वर मालवणी शिव्या. टीबीच का, तर यातले बरेच जण एकेका खोलीत दाटीवाटीने झोपतात, आणि साध्या टीबीचा कोर्ससुद्धा सहा महिन्यांचा, त्यात मे संपला की आंबा संपतो, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, सगळे आपापल्या गावाला, गोळ्या तिथेच तुटतात आणि मग अर्धवट कोर्समुळे औषधाला न जुमानणारा टीबी होऊ शकतो.

आम्ही टीबीला संकासुर केला, दशावतारातला राक्षस. काळा झगा घालून तो आला आणि म्हणाला, "माका खंय शोधतास? हयसरच बसलंय मां, तुमच्या खोलयेत, दारां-खिडक्ये लावन निजतास!" हशा. पुढे पेशंट गोळ्या बंद करतो तिथे नाटक थांबवून विचारलं, का बंद केल्या असतील सांगा. एक नेपाळी पोरगा उठला, पेशंटच्या जागी जाऊन बसला आणि खाली बघत म्हणाला, पेशाब लाल हो गया, खून समझ के छोड दिया. नाटकात डॉक्टर झालेला मोहल्ल्यातला पोरगा गप्प, त्याला काय माहीत. मागून आमची आशाताई ओरडली, अरे तो औषधाचा रंग रे, रिफाम्पिसिनचा, नारिंगी-लाल होतेच, घाबरायचं काय त्यात! पोस्टरवर हे कुठे होतं? पोस्टरवर दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, थुंकी तपासा, संपलं.

आता आमचे तेव्हाचे साहेब. त्यांना संहिता पाहिजे होती, तीन प्रतींत, मंजुरीसाठी. साहेब, संहिताच नाही म्हटलं तर म्हणतात मग पोरं काहीही बोलतील. अहो, काहीही बोलावं म्हणूनच तर नाटक! शेवटी सगळ्यांनी ओळीत उभं राहून "टीबी हारेगा, देश जीतेगा" म्हणायचं हा त्यांचा हट्ट, कारण फोटो. घोषणा झाली की पोरांना सुटलो वाटतं, लघवीचं विचारायला मग कोण थांबतंय. साहेब आता रिटायर झालेत, पण वाचत असतील तर त्यांना सांगतो, त्या लाल लघवीची ओळ तुमच्या तीन प्रतींत कधीच आली नसती.

आणि ते टोप्या-पेहराव घालून विविधतेत एकता वगैरे करू नका. नेपाळी पोराला नाटकातही राखणदार केलात तर तो दुसऱ्या दिवशी येत नाही. त्याला सरपंच करा, मजा बघा.

बाकी, खरोखर आजारी असलेल्याला पेशंटचं काम कधी देऊ नका, खोलीवरचे लोक त्याचं ताट वेगळं करतात. मुली संध्याकाळच्या प्रयोगाला येत नाहीत, त्यांचं वेगळं करावं लागतं, आमचं ते नीट जमलेलं नाही. आशाताई नसेल तर प्रयोगच करू नका, प्रश्न निघाल्यावर उत्तर कोण देणार? गावाला जाणाऱ्याने आधी आरोग्य केंद्रात सांगितलं तर बदलीची नोंद होते, औषध फुकटच आहे, नेपाळातही.

फरक पडतो का, याचा आकडा माझ्याकडे नाही. साहेबांकडे असेल, फोटोसकट.