‘मिसळत नाही’ म्हणजे नेमकं काय?

मुलगा दुसरीत आहे. प्रगतिपुस्तकात बाईंनी ‘इतरांत मिसळत नाही’ असं लिहिलंय. घरी, गल्लीत तर नुसता धुडगूस घालतो. चुकतंय कोण? – एक आई, चोपडा

कोणीच नाही. बाईंना वर्गातला मुलगा दिसतो, तुम्हाला गल्लीतला. मानसशास्त्रज्ञ आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा पालक आणि शिक्षक अशा वेगवेगळ्या भूमिकांतल्या माणसांच्या मतांचा सहसंबंध सरासरी ०.२८ इतकाच भरला (मतं तंतोतंत जुळली तर तो १ असतो). बाईंना विचारा, खिचडी खाताना तो कुणाशेजारी बसतो? उत्तर आलं नाही, तर तो शेरा फार मनावर घेऊ नका.

धडगाव भागात पहिलीला शिकवतो. मुलांची घरची बोली पावरी. मुलांच्या वागण्यातल्या अडचणी आणि जमेच्या बाजू नोंदवणारी गुडमन यांची २५ विधानांची प्रश्नावली (एसडीक्यू) भरायची आहे. निम्मा वर्ग वर्गात बोलतच नाही, मग गुण कसे द्यायचे? – एक शिक्षक

सर, न बोलणं आणि न मिसळणं यांत गल्लत होते ती इथेच. मराठीत उत्तर न देणारी पोर मैदानावर पावरीत अख्खा डाव चालवत असते. म्हणून नोंदी वर्गाबाहेरही घ्या: हापशापाशी, खेळताना, कुणी पडून रडतं तेव्हा. प्रश्नावलीतही दुखलं-खुपलं तर मदत करणं, लहानांशी मायेनं वागणं अशी विधानं आहेत. त्यांना मराठी यावी लागत नाही.

दुसरी अडचण आपली, शिक्षकांची. वाचनात हुशार पोर आपल्याला सगळ्यातच गुणी वाटतं. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकनं १९२० मध्येच दाखवलं होतं की लष्करी अधिकारीसुद्धा हाताखालच्या माणसांना एका गुणावरून बाकीचे गुण बहाल करतात. उपाय साधा, थोडा कंटाळवाणा: एक विधान घेऊन त्यावर सगळ्या वर्गाला गुण द्या, मग पुढचं विधान. एकेका मुलाचा कागद सलग भरू नका.

आणि जूनमध्ये तर नकोच. प्रश्नावली गेल्या सहा महिन्यांचं किंवा चालू शालेय वर्षाचं वागणं विचारते, मूल ओळखीचं व्हायला हवं. पण दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं हाती राहत नाहीत. पहिल्या सत्राचा शेवट बरा.

गुडमन प्रश्नावलीच्या गुणांवर वर्गात क्रमांक लावावेत का? – एक मुख्याध्यापिका, पारोळा

नाही. शिवाय प्रश्नावलीतली विधानं पाच गटांत आहेत, त्या पाचही गटांची बेरीज करू नका. अडचणींच्या चार गटांची बेरीज ४० पैकी. मदत-सहकार्याचा गट वेगळा, १० पैकी. तिथे जास्त गुण चांगले, बाकी चार गटांत कमी.