इमॅजिकात एका दिवसात, रांगेत न अडकता सगळं कसं बघावं?

ताई, तुम्ही विचारलंय की डिसेंबरात पुण्याहून खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला एकच दिवस जायचंय, सोबत नवरा, १२ वर्षांचा मुलगा, ६ वर्षांची मुलगी आणि सासूबाई आहेत, तर कुठला वार निवडावा, एक्सप्रेस पास (जादा पैसे भरून रांग टाळायचा पास) घ्यावा का आणि कुठल्या राइडपासून सुरुवात करावी. मी चाकणला असेंब्ली लाइनवर काम करते. काम कुठे तुंबतं आणि का, हे बघणं हाच माझा रोजचा धंदा. त्यात इमॅजिकाला माझ्या घरच्यांना, भाचरांना घेऊन पाच वेळा जाऊन आलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वार. मंगळवार-बुधवारी गर्दी कमी असते हे खरं, पण डिसेंबरात तेवढ्यावर विसंबू नका. डिसेंबर-जानेवारी म्हणजे शाळांच्या सहलींचा हंगाम. एका मंगळवारी आम्ही निवांत जाऊ म्हणून गेलो, तर पार्किंगमध्ये शाळांच्या बसची रांगच लागलेली. तरीही मी आठवड्यातला मधला वारच घ्या म्हणेन, कारण सहलीच्या मुलांना अंधार पडायच्या आत परत निघायचं असतं. साडेचार-पाचनंतर पार्क झपाट्याने रिकामा होतो आणि ते शेवटचे दोन तास तुमचे. शनिवार-रविवारी ही सवलत मिळत नाही. नाताळ ते १ जानेवारी मात्र पूर्ण टाळा. त्याच दिवसांत जाणं भाग असेल तरच एक्सप्रेस पास घ्या, तेव्हा तो पैसे वसूल करतो. एरवी तेच पैसे मुलांच्या खाण्यापिण्यावर खर्च करा.

रांगेचं म्हणाल तर सगळे एकच चूक करतात, ते रांगेची लांबी बघतात. बघायला हवा तिचा वेग. 'आय फॉर इंडिया'सारख्या बसून बघायच्या कार्यक्रमाला अख्खा हॉल एका वेळी भरतो, त्यामुळे बाहेर शंभर माणसं दिसली तरी दार उघडलं की भसकन आत जातात. रोलर कोस्टरचं तसं नसतं. इथला नायट्रो हा कोस्टर पाच वेळा उलटं करतो आणि बसल्यावर पायाखाली जमीनच नसते, म्हणून प्रत्येक माणसाचा खांद्यावरचा पट्टा हाताने ओढून तपासतात. शिवाय कोस्टरच्या रुळाचे टप्पे पाडलेले असतात आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी राहू शकते. हे सगळं आपल्या जिवासाठी असतं, तिथे घाई करून चालतच नाही. त्यामुळे तिथली छोटी दिसणारी रांगसुद्धा बरीच जड पडू शकते.

याचा हिशोब उभ्याउभ्या करता येतो. रांगेत शिरण्याआधी घड्याळ लावून एक गाडी सुटल्यापासून पुढची सुटेपर्यंत किती वेळ जातो ते बघा. समजा गाडीत २४ जण बसतात आणि दर तीन मिनिटांनी गाडी सुटते, म्हणजे तासाला ४८०. पुढे अंदाजे २४० डोकी असतील तर अर्धा तास. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केलेला नियम हाच आहे, आमच्या कारखान्यात तो रोज लागतो. माझ्या १३ वर्षांच्या भाच्याला मी हे शिकवलं तेव्हापासून तोच आम्हाला सांगतो, "मावशी, इथे नको, ४० मिनिटं लागतील." तुमच्या मुलालाही हे काम द्या, बघा किती आवडीने करतो ते.

आता दिवसाचा क्रम. त्या तारखेची वेळ वेबसाइटवर बघून गेट उघडायच्या पाऊण तास आधी पोचा. तिकीट आधीच ऑनलाइन काढलेलं असू द्या. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून थालीपीठ, दशम्या जे काही असेल ते पोचायच्या आधी गाडीतच खाऊन घ्या. आत शिरल्यावर बहुतेक लोक फोटो काढत रेंगाळतात आणि जी पहिली राइड दिसेल तिच्यात घुसतात. तुम्ही फोटो संध्याकाळवर टाका. बाबा आणि मुलगा सरळ नायट्रोकडे, तिथून डीप स्पेस या अंधारातल्या कोस्टरला. पहिल्या तासाभरात या दोन झाल्या की अर्धी लढाई जिंकलीत. तेवढ्यात तुम्ही, मुलगी आणि सासूबाई लहान मुलांच्या राइड्स उरका. दुपारी तिथे चिमुरड्यांची गर्दी होते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. मुलीची उंची घरीच, बूट घालून मोजा आणि कुठल्या राइडला किती उंची लागते ते आदल्या रात्री तिच्यासमोर बसून बघा. एका पार्कात (तो इमॅजिका नव्हे) माझी भाची तिच्या बाबाचा हात धरून ४० मिनिटं रांगेत उभी राहिली. पुढे उंचीच्या पट्टीपाशी ती टाचा उचलून, मान ताठ करून, श्वास रोखून उभी राहिली. दोन बोटं कमी पडली. ती रडली नाही, नुसती गप्प झाली, आणि मग दिवसभर गप्पच राहिली. चूक आमची होती, आम्ही आधी बघायला हवं होतं.

जेवण पावणेबाराला किंवा थेट तीनला. एक ते दोन जेवणाच्या काउंटरवरच सगळ्यात मोठी रांग असते, आणि नेमकं त्याच वेळी राइड्स जरा सैल होतात. राजासॉरसची भिजवणारी बोटीची राइड तेव्हाच करा. उन्हात भिजणं डिसेंबरात परवडतं, संध्याकाळी मात्र खोपोलीत चांगलाच गारठा पडतो. (राजासॉरस हा डायनासोर खराच होता हे मुलांना जरूर सांगा. त्याचे अवशेष गुजरातेत सापडले आणि २००३ मध्ये त्याला हे नाव मिळालं.) तीन ते पाच ही सगळ्यात वाईट वेळ. तेव्हा कोस्टरच्या वाटेला जाऊ नका, बसून बघायचे कार्यक्रम बघा. सासूबाईंचे पायही तोपर्यंत बोलायला लागलेले असतात. एखादी राइड मध्येच बंद पडली तर तिथे ताटकळू नका, पण तिच्यावर नजर ठेवा. बंद पडली की रांग पांगते आणि पुन्हा सुरू होते तेव्हा समोर फार थोडे लोक असतात.

संध्याकाळी परेड असते. सगळा पार्क तिथे गोळा होतो आणि राइड्स ओस पडतात. मुलगी पहिल्यांदाच येतेय, तेव्हा तिला परेड दाखवाच, सासूबाईंनाही आवडेल. मुलगा आणि बाबा मात्र तेवढ्यात दुसऱ्यांदा नायट्रोवर जाऊन येऊ शकतात. अंधार पडू लागल्यावर पाचव्यांदा उलटं होताना खालचे दिवे डोक्यावर आलेले दिसतात, दुपारच्या उन्हात ती मजा नाही.

कोरडे कपडे आणि स्वेटर डिकीत सगळ्यात वर ठेवा. परतताना घाट चढायच्या आत मुलं झोपतात, त्याआधी बदलून होऊ देत.