वाचकांचे प्रश्न : मुए थाई – नडगी, चिंध्यांची बॅग आणि पैलवानाची मान

थायलंडच्या मुए थाईबद्दल, म्हणजे ठोसे, लाथा, गुडघे आणि कोपरांनी लढायच्या खेळाबद्दल, सोलापूर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

‘ओंग-बाक’मध्ये केबल किंवा कॉम्प्युटरची करामत नाही असं म्हणतात. मग त्यातलं सगळं रिंगमध्ये चालतं का? (विद्यार्थी, अशोक चौक)

केबल (नटाला हवेत उचलणारी तार) नाही, कॉम्प्युटर नाही, हे खरं. २००३ च्या या चित्रपटात नायक टोनी जा जे करतो ते अंगानेच करतो. दिग्दर्शक प्राच्या पिनकाएव आणि मारामारी बसवणारे पन्ना रित्तिक्राई यांनी चित्रपटाची जाहिरातही त्याच भांडवलावर केली. पण संकलनाची करामत आहेच. एखादी मोठी उडी किंवा फटका दोन-तीन कोनांतून पुन्हा पुन्हा दाखवला आहे. थांबवत थांबवत पाहा, लगेच कळेल.

दुसरं, पडद्यावर दिसतं ते बरंचसं ‘मुए बोरान’, म्हणजे रिंग आणि हातमोजे येण्याआधीचे जुने प्रकार. उडी मारून टाळूवर कोपर घालायला धावत यायला जागा लागते. रिंग असते सहा-सात मीटरच्या चौकोनाची आणि समोरचा उभा हाताच्या अंतरावर. दोन्ही पाय जमिनीवरून सुटले की त्याने पोटाला तळपाय लावून नुसतं ढकललं तरी तुम्ही पाठीवर. या ढकलणाऱ्या लाथेला थाई लोक ‘तीप’ म्हणतात. चित्रपटात ती फारशी शोभत नाही, रिंगमध्ये मात्र तिच्यावाचून भागत नाही.

थायलंडच्या लढती पाहिल्या. पहिले दोन राउंड दोघं नुसते डुलत राहतात. हे ठरवून असतं का? (होटगी रोड)

तुम्ही म्हणता त्या अर्थाने नाही. पारंपरिक लढत ३ मिनिटांच्या ५ राउंडची, मध्ये २ मिनिटं विश्रांती. पंच एकूण लढत पाहतात आणि रिवाजाने तिसऱ्या-चौथ्या राउंडला वजन जास्त. स्टेडियममध्ये पैजा लागतात, सुरुवातीच्या संथपणात भाव ठरत जातो. पाचव्यात आघाडीवरचा मागे सरकत वेळ काढतो, आणि ते भित्रेपण मानलं जात नाही. गुणांत अंगावर बसलेली लाथ आणि गुडघा हे ठोशापेक्षा वरचे, आणि मारल्यावर तोल कोणाचा राहिला हेही पाहिलं जातं. वन चॅम्पियनशिप या लढती भरवणाऱ्या कंपनीकडे बहुतेक लढती ३ राउंडच्या आणि हातमोजे ४ औंसांचे, त्यामुळे तिथे पहिल्या घंटेपासून धुमश्चक्री. सुरुवातीचं वाद्यसंगीत आणि गुरुवंदनेचं नृत्य, ‘वाई ख्रू राम मुए’, व्हिडिओ पुढे सरकवून टाळू नका. कोण पाय कसा टाकतो हे तिथेच कळायला लागतं.

व्हिडिओ बघून गोल लाथ शिकतोय. पायाची वरची बाजू सुजते आणि उभ्या पायाचा गुडघा दुखतो. (जुळे सोलापूर)

दोन वेगळ्या चुका आहेत. सूज येते कारण लाथ पावलाने बसते आहे. पावलाच्या वरच्या बाजूला बारीक हाडं आहेत, ती दणका सोसायला नाहीत. लागायला हवी नडगी, घोट्याच्या वीतभर वरचा भाग. म्हणजे तुम्ही बॅगपासून एक पाऊल लांब उभे आहात. जवळ या.

गुडघा दुखतो कारण उभा पाय फिरत नाही. कंबर वळते, तळवा जमिनीला चिकटून राहतो आणि पीळ मधल्यामध्ये गुडघा खातो. उजव्या लाथेसाठी क्रम असा : डावं पाऊल समोर न टाकता तिरकं बाहेर टाका, बोटं बाहेरच्या दिशेला. चवड्यावर उठा. आता खुबा फिरवा, पाय त्याच्यामागे ओढला जाऊ द्या. आधी गुडघा उचलून मग झटका देणं ही कराटे-तायक्वांदोची सवय, इथे पाय लाठीसारखा आडवा जातो. लाथ बसताना डाव्या पायाची टाच बॅगकडे वळलेली हवी. उजवा हात मांडीजवळून खाली झटकायचा, डावा कपाळाशी. बहुतेकांचा हा डावा हातच खाली येतो आणि समोरच्याला उघडा गाल मिळतो.

बॅग सोडा आणि आठवडाभर भिंतीला हात टेकून नुसतं चवड्यावर वळणं करा, प्रत्येक बाजूला ३० वेळा. बूट घालून किंवा चिकट रबरी मॅटवर पाय वळत नाही, आणि शहाबादी फरशीवर धूळ असेल तर नको तितका वळतो. अनवाणी, पुसलेल्या फरशीवर करा.

नडगी घट्ट करायला बाटली फिरवायची की काठीने मारायचं? बॅग महाग आहे, घरी करता येईल का? (पूर्व भाग)

बाटलीही नको, काठीही नको. त्याने हाडावरचं आवरण दुखावतं, हाड घट्ट होत नाही. वारंवार पण सोसेल असा भार पडला की हाड हळूहळू दाट होतं, आणि त्याला महिने-वर्षं लागतात. चित्रपटात झाडाला लाथा मारताना दाखवतात. थायलंडमध्ये पूर्वी त्यासाठी केळ वापरत, आणि केळीचा खांब म्हणजे पाणी भरलेली पापुद्र्यांची गुंडाळी. करमाळ्याकडच्या कुठल्याही बागेत बोट दाबून पाहा. कडुलिंबाच्या बुंध्यावर तोच प्रयोग केलात तर हाडांच्या डॉक्टरकडे जावं लागेल.

बॅगच्या बाबतीत मात्र सोलापूरकर नशीबवान आहेत. टॉवेल-चादरींच्या कारखान्यांतून निघणारी कापडाची कात्रणं ही भरायला उत्तम वस्तू. खोळ जाड रेक्झिनची किंवा ताडपत्रीची, ६ फूट लांब, १४ इंच व्यासाची, शिवण दुहेरी. अशा बॅगेत ४० ते ४५ किलो चिंध्या बसतात. बटणं, चेन, काज्यांच्या कडक पट्ट्या आधी कापून काढा. टॉवेलचे तळहाताएवढे रुंद तुकडे करा, लांब पट्ट्या एकमेकींत गुंततात आणि मध्ये पोकळ्या राहतात. वीतभर थर टाकायचा, मुसळाने कडेकडेने आणि मग मध्ये ठोकायचा, खोळ थोडी फिरवायची, पुढचा थर. घाई केली की बॅगेला पोट सुटतं.

वजन वाढवायला वाळू घालू नका. ती महिन्याभरात झिरपून तळाशी बसते, आणि मांडीवर मारायच्या लाथा नेमक्या तिथेच पडतात. पंधरा दिवसांत चिंध्याही बसतील, वरून पुन्हा भरा.

टांगताना पत्र्याच्या छताचा अँगल वापरू नका. बॅग झुलली की हिसका तिच्या वजनाच्या कितीतरी पट पडतो. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये किंवा बीममध्ये किमान १२ मिलिमीटरचा अँकर हूक बसवून घ्या. मध्ये फिरती कडी हवी, नाहीतर साखळी पीळ खाऊन तुटते. बॅगेचा तळ जमिनीपासून वीतभर वर.

सुरुवात आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक पायाने ५० लाथा, अर्ध्या जोराने. दर आठवड्याला १० वाढवा. नडगीभर पसरलेला ठणका चालतो. बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल आणि एका पायावर उडी मारली की कळ येत असेल, तर थांबा. हाडाला बारीक चीर असू शकते आणि ती पहिल्या एक्स-रेत दिसेलच असं नाही.

मी तालमीत कुस्ती करतो. क्लिंचमध्ये मला फायदा होईल ना? (मोहोळ)

क्लिंच म्हणजे उभ्यानेच मान-डोकं धरून केलेली झोंबी. त्यात फायदा होईल, पण आधी एक सवय मोडावी लागेल. पैलवान वाकून, डोकं पुढे काढून भिडतो. इथे वाकलेल्या डोक्याला गुडघा भेटतो. पाठ सरळ, कंबर समोरच्याला चिकटलेली, टाचा किंचित वर. पकड मानेच्या बुडाशी नाही, डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर : तळहातावर तळहात, बोटं एकमेकांत न गुंतवता, कोपरं आत दाबून त्याच्या गळ्याच्या हाडांवर. त्याचा हात आत शिरला की तुमचाही वळसा घालून आत. हा झगडा तुम्हाला नवा नाही, आणि मातीत कमावलेली मान इथे खरी कामाला येते.

डाव मात्र बरेच विसरा. पट काढणं नाही, ढाक नाही, टांग नाही. कमरेवर घेऊन फेकणं आणि पायात पाय अडकवून पाडणं दोन्ही फाउल. लाथ मारायला आलेला पाय धरता येतो, आणि मग उभ्या पायाला लाथेने झाडून पाडता येतं. गळ्याला ओढून, वळवून, त्याच्याच पावलाच्या वेळेला तोल घालवणं चालतं. वस्तादांना हे दाखवलंत तर ते तुमच्याआधी शिकतील.

मुलगी ११ वर्षांची आहे. पाठवावी का? (पालक, विजापूर रोड)

पाठवा, पण क्लासला आधी एकच विचारा : या वयात डोक्यावर मारायला लावता का? ‘हो’ म्हणाले तर दुसरा क्लास शोधा. पॅडवर लाथा, तोल, क्लिंच एवढ्यात दोन-तीन वर्षं सहज जातात. चुकून डोक्याला लागलं आणि मळमळ, गरगर, गोंधळ यांतलं काहीही झालं तर त्या दिवशी सराव बंद आणि डॉक्टर. ‘मुलींचा खेळ नाही’ असं कोणी म्हटलं तर सांगा, बँकॉकच्या लुंपिनी स्टेडियमलाही तसं वाटत होतं. २०२१ मध्ये तिथेही स्त्रियांच्या लढती सुरू झाल्या.

स्पर्धा मे महिन्यात आहे. वजन उतरवायला प्लॅस्टिकचा सूट घालून पळू का? (बाळे)

पारा ४२-४३ वर असताना नाही. त्या सुटात घाम सुकत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. उतरतं ते पाणी, चरबी नव्हे. अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं की घाम येत असला तरी तो उष्माघात समजा : सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि थेट दवाखाना. वजनगट एक वरचा घ्या, किंवा आठ आठवडे आधीपासून आठवड्याला अर्धा किलो कमी करा. सराव सकाळी साडेसातच्या आत संपवा. दर १५-२० मिनिटांनी कपभर पाणी. तासाच्या वर सराव असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या लहान चमच्याने ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, चमच्याने मोजा.