मोदक खाल्ल्यानंतर

"मॅडम, मी गणपतीचा मोदक खाल्ला."

नोकरी, भाड्याची खोली, झोप न लागणं असं वीस मिनिटं सगळं सांगून झालं, तेव्हा कुठे हे वाक्य आलं. तेही फरशीकडे बघत. पुण्यात, ऐन गणपतीनंतरच्या दिवसांत, या वाक्यावर कुणीही हसलं असतं. मला हसू आलं नाही, कारण तिचं घर महानुभाव पंथाचं आहे हे तोवर कळलं होतं. चक्रधरस्वामींचा हा पंथ तेराव्या शतकातला. परमेश्वर एकच, पंचकृष्ण म्हणजे त्याचे पाच अवतार, बाकी देवतांची भक्ती नाही आणि त्यांचा प्रसादही घ्यायचा नाही. तिच्या घरी हे सगळं काटेकोर पाळलं जायचं. तिनं लहानपणीच उपदेश घेतला होता. शाळेत सरस्वतीपूजनाचे पेढे आले की ती दप्तरात ठेवायची आणि वाटेत गाईला घालायची.

तिला आपण मृणाल म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

"देवावरचा विश्वास उडालाय. आता मी माणूस म्हणून वाईट ठरते का? आणि घरी कसं सांगू?" मी समुपदेशक, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या वेषांत येत असतो. रात्री जेवलेली जैन मुलगी, रोजा मोडलेला सोलापूरचा इंजिनिअर, रविवारच्या मिस्साला दांडी मारणारा वसईचा मुलगा, पाळीच्या दिवसांत देवघराला हात लागलेली सून. धर्म वेगळे, पण खुर्चीत अंग चोरून बसायची पद्धत एकच.

मृणालचा विश्वास मोदकामुळे उडाला नव्हता. तो आधीच दोनेक वर्षं हळूहळू विरत गेला होता. पण मोदक खाल्ला आणि नवव्या दिवशी वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. स्टेंट घातला, जिवावरचं टळलं.

"माझा विश्वासच नाही," ती म्हणाली, "मग मला असं का वाटतं की बाबाले माझ्यामुळं झालं?" एरवी प्रमाण मराठी बोलणारी ही मुलगी वडिलांचा विषय निघाला की वऱ्हाडीत शिरायची.

"बाबांना आधी काही त्रास?"

"बीपी. बारा वर्षं."

"गोळ्या?"

"चार महिन्यांपासून सोडल्या होत्या. बरं वाटत होतं म्हणून."

"मग यात मोदकाला कुठे बसवायचं?"

ती खुदकन हसली. मीही खूश झाले. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत तयार झालेली, त्यामुळे असा कार्यकारणभावाचा गुंता सुटला की आम्हाला फार बरं वाटतं. काम झालं, असं मी मनात म्हणूनही टाकलं. पुढच्या आठवड्यात ती आली ती डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन. डोक्याला सगळं पटलं होतं, छातीतली धडधड मात्र तशीच होती. लहानपणी विचार करायच्याही आधी मुरलेली भीती एका बिनतोड प्रश्नानं जात नाही. हे मी शिकाऊ समुपदेशकांना नेहमी सांगते. स्वतःला सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

मधल्या बैठकांचं सगळं सांगत बसत नाही. खरी गोष्ट घडली ती साधारण सहाव्या भेटीत. ती आली तीच पडलेल्या चेहऱ्यानं. आदल्या रात्री एका गाडीवर तिनं अंडाभुर्जी खाल्ली होती, आणि खोलीवर येऊन उलटी केली होती.

"आवडली म्हणून खाल्लीस?"

"छे. वासच सहन होत नाही."

"मग कुणी आग्रह केला?"

"कुणीच नाही. पण विश्वास नाही म्हटल्यावर खाल्लीच पाहिजे ना? नाहीतर मी ढोंगीच की."

"खाल्लीच?"

मी एवढंच विचारलं. त्या एका 'च'वर बोट ठेवायला मला आवडतं, मान्य करते. एलिस यांनी 'पाहिजेच'च्या हट्टात माणसाच्या दुःखाचं मूळ पाहिलं. त्यांना ते इंग्रजीत समजावून सांगावं लागलं. मराठीत तर ते एका अक्षरात उभं आहे.

ती बराच वेळ गप्प होती. बाहेर कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तीन मोजल्या मी. मग ती म्हणाली, "म्हणजे मॅडम, मी दुसरा उपदेश घेतला."

हे वाक्य मला सुचलं नसतं. उपदेश घेणं म्हणजे तिच्या घरच्या भाषेत पंथात येणं, नियम अंगावर घेणं. श्रद्धा गेली होती, पण नियमांचा कडकपणा जागच्या जागी होता. आधी अंडं खाल्लं तर पाप, आता नाही खाल्लं तर पाप. आधी स्मरण चुकलं तर अपराध, आता चुकून ओठांवर नाव आलं तरी अपराध. न्यायाधीश तोच, फक्त कायद्याचं पुस्तक बदललेलं. इतकी वर्षं अशी माणसं बघितल्यावर माझं मत असं झालंय की त्यांना देव सुटल्याचा त्रास फारसा नसतो. जाच होतो तो या न सुटलेल्या न्यायाधीशाचा. काही जण तर त्याला घेऊन सरळ दुसऱ्या बाबाकडे किंवा दुसऱ्या कडक विचारसरणीकडे जातात, आणि आपण मोकळे झालो असं समजतात.

त्या भेटीनंतर आम्ही वेगळंच काम केलं. देव आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला. तो सोडवायला मी पात्रही नाही. लहानपणच्या प्रत्येक सवयीला तिनं एकच विचारायचं: तू मला आवडतेस, की मी तुला घाबरते? शाकाहार राहिला, तिला जीव मारणं खरंच नको होतं. पहाटे उठणं गेलं, आनंदानं गेलं. रात्री झोपताना नाव घेणं काही दिवस सुटलं आणि परत आलं. "आजीचा आवाज येतो त्यात," ती म्हणाली. मी कारण विचारलं नाही.

मध्ये मी जरा हुशारी दाखवायला गेले. म्हटलं, प्रश्न विचारणं तुमच्याच परंपरेत आहे. चक्रधरस्वामींची शिष्या महदाइसा त्यांना सारखी विचारत असायची, आणि लीळाचरित्रानं, म्हणजे स्वामींच्या आठवणींच्या ग्रंथानं, ते प्रश्न जपून ठेवले. पाळीचा विटाळ स्वामींनी त्या काळात नाकारला. मृणालनं शांतपणे ऐकून घेतलं. "पण मॅडम, महदाइसा श्रद्धा होती म्हणून विचारत होती. माझं तसं नाही." बरोबर होतं तिचं. तिला परत घरात बसवायची घाई मलाच झाली होती.

घरी सांगण्याविषयी माझं मत अनेकांना बुळचट वाटतं. सांगणं हे कर्तव्य नाही. सांगायचं असेल तर आजारपणात, लग्नघरात, भांडणाच्या भरात नको. सगळ्यांना एकदम नको, ज्याच्याशी नातं घट्ट त्याला आधी. आणि 'देव नाही' असं सिद्ध करायला बसू नका. 'मला आता तसं वाटत नाही' एवढं पुरतं. पहिलं वाक्य वाद मागतं, दुसऱ्यात आपण फक्त स्वतःबद्दल बोलतो. मात्र जिथे मारहाणीची, शिक्षण किंवा पैसे तोडण्याची भीती आहे तिथे प्रामाणिकपणाआधी पायावर उभं राहणं आणि राहायची सोय बघावी. समाजानं वाळीत टाकायची धमकी दिली तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे. आणि कुठलाच धर्म नाही असं म्हणण्याचा हक्कही आहे, २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो मान्य केलाय. पंथ सोडला की कायद्यानंही आपण कुठलेच राहत नाही, अशी भीती घेऊन येणारे असतात, म्हणून हे सांगते.

मृणालला यातल्या कशाची गरज पडली नाही. दिवाळीत ती गावी गेली. वडिलांच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरता भरता तिनं सांगून टाकलं, मोदकासकट. वडील खूप वेळ अंगणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुह्या मायले नोको सांगू."

बस. ना रडारड, ना आशीर्वाद. ती परत आली ती थोडी हिरमुसलेलीच. तिला काहीतरी मोठं व्हायला हवं होतं.

पुढच्या भेटीत ती बोलत असताना फोन वाजला. वडिलांचा रोजचा सकाळचा निरोप, त्या दिवशी उशिरा आलेला: दंडवत प्रणाम.

"मी पण 'दंडवत' लिहिलं तर खोटं होईल का?"

"कुणाला लिहितेस?"

"बाबाले."

ती फोन मांडीवर घेऊन जरा वेळ बसली. मग माझ्यासमोरच टाइप केलं: दंडवत प्रणाम बाबा. बीपीची गोळी घेतली का?