फोंड्याहून रोज पणजीला जायला इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यावी की पेट्रोल?

गाडी रात्री घराच्या आवारातच उभी राहते का, यावर सगळं ठरतं. राहत असेल तर इलेक्ट्रिकच घ्या. फोंडा-पणजी जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर धरले तर दिवसाला नऊ-दहा युनिट लागतील आणि १६ अँपिअरच्या साध्या प्लगवर ती तीन-साडेतीन तासांत भरतात. पेट्रोल एसयूव्ही तेवढ्यालाच चार-साडेचार लिटर पिते. तुमच्या इथल्या विजेच्या दराने गुणून बघा, फरक लगेच दिसेल. मात्र आधी अर्थिंग तपासून घ्याच. जुन्या घरांत ते बऱ्याचदा धड नसतं आणि मग चार्जर चालूच होत नाही. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून बॅटरी अगदी तळाला जाऊ देऊ नका.

बेळगावला चोर्ला घाटाने जाताना चढावर चार्ज झपाट्याने उतरतो. येताना उतारावर थोडा परतही मिळतो, त्यामुळे अधूनमधूनच्या फेरीची धास्ती नको.

फ्लॅटमध्ये राहत असाल आणि सोसायटी पॉइंट लावू देत नसेल, तर मात्र पेट्रोल. रोज सार्वजनिक चार्जरवर ताटकळणं नोकरदार माणसाला झेपत नाही, शिवाय तिथला दरही घरापेक्षा जास्त पडतो.