आई-वडील साठीच्या पुढचे, शेतकरी आहेत. त्यांना तुर्कस्तानातल्या कप्पाडोकियात दिवसभराची गाईडेड टूर करवावी, की गरम हवेचा बलून दाखवून हॉटेलातच ठेवावं? त्यांना गुहांमधलं काय कळणार?

टूर करवा. गाईड घेऊनच करवा. खरं तर एवढं सांगून थांबले असते, पण तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. "त्यांना काय कळणार" हे वाक्य मी आमच्याच घरात ऐकलेलं आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. वरूड तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे. मुलगा पुण्यात नोकरीला असतो, त्याने आम्हा दोघांना तुर्कस्तानला न्यायचं ठरवलं. माझे दीर त्याच्या आधीच एका ग्रुपबरोबर तिकडे जाऊन आले होते. त्यांचा फोन आला, "वहिनी, बलून तेवढा करा. बाकी नुसती दगडं आहेत. दादाला काय कळणार त्यात? त्यापेक्षा सालबर्डीला जा म्हणा, फुकटात होईल." सालबर्डी म्हणजे आमच्याकडचंच, डोंगरात कोरलेल्या विहारांचं ठिकाण. आमचे 'हे' समोरच बसून भाकर खात होते. त्यांनी ऐकलं, पण काही बोलले नाहीत.

दिरांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला होता. उभा पिवळट कडा, त्यात उंचावर ओळीने लहान लहान चौकोनी भोकं, भोकांभोवती पांढरा रंग. खाली लिहिलं होतं, "या खिडक्यांतून लोक बाहेर बघत असत." ह्यांनी तो फोटो बोटाने मोठा करून पाहिला आणि मला म्हणाले, "खिडकी? याच्यातून तं डोकंई नाई जात." मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

तिथे टूर दोन तऱ्हेच्या मिळतात, नावं सगळीकडे तीच. रेड टूर उत्तरेची: गोरेमेचं खुलं संग्रहालय, उचहिसारचा किल्ला, पाशाबागचे दगडी सुळके, अव्हानोसचे कुंभार. ग्रीन टूर दक्षिणेची: देरिनकुयू किंवा काय्माक्लीचं जमिनीखालचं गाव, इहलाराची दरी, सेलिमेचा खडकात कोरलेला मठ. आम्ही दोन्ही केल्या. एकच करायची असेल तर शेतकरी माणसाला ग्रीन टूर करवा. सुळके तर बसमधूनही दिसतात.

गाईड इंग्रजीत बोलायचा. मी ऐकायचे आणि ह्यांना आपल्या बोलीत सांगायचे. मुलगा आधी म्हणत होता, "आई, तू कशाला त्रास घेतेस, मी घरी गेल्यावर सांगतो ना." घरी गेल्यावर कोण कोणाला सांगतं हो? जिथलं तिथंच सांगावं लागतं. गाईडने दगडाबद्दल सांगितलं ते मला स्वतःलाच आवडलं. एर्जियेस, हसन अशा ज्वालामुखींनी लाखो वर्षांपूर्वी राख ओकली, ती थरावर थर बसून दाबली गेली आणि तिचा मऊ दगड झाला. साध्या लोखंडी हत्याराने कोरता येतो, इतका मऊ. मध्येमध्ये कठीण दगडाचा थर आहे. पावसाने, वाऱ्याने खालचं मऊ झिजतं आणि वरचा कठीण तुकडा तसाच राहतो, मग डोक्यावर टोपलं घेऊन बाया उभ्या असाव्यात तसे ते सुळके दिसतात. टोपलं पडलं की सुळका भराभर झिजायला लागतो.

मी ह्यांना सांगितलं की आपली काळी जमीनही ज्वालामुखीचीच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. फरक एवढाच की इकडे लाव्हा वाहत येऊन थिजला आणि त्याचा काळा बेसाल्ट झाला, तिकडे राख पडली. आपल्याकडच्या लेण्या त्या कठीण बेसाल्टमध्ये छिन्नी-हातोड्याने खपून काढल्या. तिकडे मात्र घरात पोरगं वाढलं तर आणखी एक खोली कोरून घेत. म्हणून तिथे लेणी राजांनी किंवा धर्मानेच कोरली असं नाही, साध्या कुणब्यानेही कोरली. हे ऐकून ह्यांनी भिंतीला नख लावून पाहिलं. भुगा पडला. गाईड ओरडला, बरोबरच ओरडला.

आता त्या भोकांचं. ग्रीन टूरमध्ये बस एका दरीच्या काठावर थांबते, कबुतरांची दरी म्हणतात तिला. सगळे फोटो काढत होते. हे कठड्याला टेकून समोरच्या कड्याकडे बराच वेळ बघत राहिले, मग मला हाक मारली. "ते पाय. हे माणसाईचं नाई, पाखराईचं हाय. आत बसाले जागा केली असन आन् खाली विष्ठा पडत असन. ती वावरात टाकत असतीन." गाईडने अजून तोंडही उघडलं नव्हतं. मी त्याला हे सांगितलं, तर तो हसला आणि सगळ्या ग्रुपला जवळ बोलावलं. तसंच होतं ते. कड्यात खोली कोरायची, आत कबुतरांना बसायला खाचा नि दांड्या, बाहेर लहान भोकं, कबुतरांना ओढ वाटावी म्हणून भोवती पांढरा रंग. वर्षातून एकदा खोली उघडून खत काढायचं आणि द्राक्षाच्या वेलांना घालायचं. त्या राखेच्या जमिनीत कस कमी, म्हणून हा सगळा उपद्व्याप.

ह्यांनी मग माझ्यामार्फत विचारलं की ताजंच घालत की कुजवून. कबुतराचं खत गरम असतं, ताजं घातलं तर मूळ जळतं. आमच्याकडे कोंबडखताने एकदा शेजाऱ्याच्या बगीच्याची तीच गत झाली होती. गाईड गडबडला, म्हणाला हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नाही. त्याने गाडीच्या ड्रायव्हरला विचारलं, त्याच्या घरी द्राक्षं होती. मग ड्रायव्हर, गाईड, मी आणि हे, असा चौघांचा संवाद सुरू झाला आणि बाकीची तरुण मंडळी घड्याळ बघू लागली. बघू देत.

पुढे गोरेमेला काळोखं चर्च म्हणून एक आहे, वेगळं तिकीट पडतं, पण सोडू नका. अकराव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत. खिडकी एकच, उजेड फार आत येत नाही, म्हणून रंग टिकले. तेही १९५० च्या दशकापर्यंत कबुतरखाना म्हणून वापरात होतं आणि भिंतींवरची विष्ठा खरवडून काढायला कित्येक वर्षं लागली. हे मी सांगितल्यावर ह्यांचा शेरा: "चित्रं वाचली ते पाखराईनं वाचवली." त्यात सगळं खरं नसेल, पण फार खोटंही नाही.

दिरांना हे कळायला हवं होतं म्हणून मी तोच फोटो पुन्हा ग्रुपवर टाकला आणि कबुतरांचं सगळं लिहिलं. त्यांनी अंगठा दाखवला. एवढंच.

देरिनकुयूबद्दल तुम्ही वाचलं असेलच. साधारण ८५ मीटर खोल, थराखाली थर. १९६३ मध्ये एका माणसाने घराचं काम काढलं, भिंत फोडली आणि मागे खोली निघाली, त्या खोलीतून पुढे वाट निघाली. हल्ला झाला की आख्खं गाव जनावरांसकट खाली जाई आणि आतून जात्याच्या तळीसारखा गोल दगड लोटून दार बंद करी. बाहेरून तो हलत नाही. गोठे मात्र वरच्या मजल्यावर. गाईडने कोडं घातलं, असं का? कोणी म्हणालं उजेडासाठी, कोणी म्हणालं चाऱ्यासाठी. ह्यांना मी प्रश्न सांगितला तर म्हणाले, "त्या बोळीतून बैल खाली उतरवून दाखव म्हना त्याले." यावर मी आणखी काही लिहीत नाही.

या लोकांचं पुढे काय झालं तेही गाईडला विचारा. तिथले ग्रीक ख्रिश्चन १९२३ च्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत ग्रीसला धाडले गेले. झेल्वे नावाच्या गावात त्यानंतरही लोक गुहांत राहत होते, कडे कोसळायला लागले तेव्हा १९५२ मध्ये गाव हलवलं. म्हणजे हे काही फार जुन्या पुराणातलं नाही. तुमच्या आई-वडिलांहून थोडी मोठी माणसं त्या गुहांत जन्मली आहेत.

टूरमध्ये नसलेली एक जागा सांगते. ऑर्ताहिसार म्हणून गाव आहे, तिथे त्याच मऊ दगडात कोरलेली कोठारं आहेत आणि त्यात आजही लिंबं ठेवतात. समुद्राकडच्या भागातून लिंबं येतात आणि महिनोन् महिने राहतात. बटाटेही ठेवतात. मुलाने गाडी करून आम्हाला नेलं. एका कोठारवाल्याने दार उघडलं. आत गार, पण बोचरं नाही. लाकडी पेट्यांची थप्पी, छताला वर जाणारं हवेचं भोक, आणि लिंबाचा असा वास की नाक भरून आलं. वीज फक्त दिव्यापुरती. ह्यांनी एक लिंबू उचललं, देठाकडे दाबून पाहिलं, वास घेतला, परत पेटीत ठेवलं. मग मला म्हणाले, "इचार, भाव पडला तं किती थांबता येते?" कोठारवाला म्हणाला, भाव येईपर्यंत.

आमच्याकडे आंबिया बहर, म्हणजे संत्र्याचं एका हंगामाचं पीक, निघाला की व्यापारी झाडावरच बगीचा मागतो आणि तो म्हणेल त्या भावात द्यावा लागतो, कारण आपल्या संत्र्याची साल सैल, ते थांबत नाही. लिंबाची गोष्ट वेगळी, बेसाल्टमध्ये अशी कोठारंही कोरता येणार नाहीत, हे सगळं ह्यांना माझ्याहून जास्त माहीत आहे. तरी परतीच्या विमानात ते त्या कोठाराबद्दलच बोलत होते. बलूनबद्दल नाही.

आता सालबर्डी. दिरांनी टोमणा म्हणून नाव घेतलं, पण सालबर्डीत काय कमी आहे? डोंगरात कोरलेले विहार आहेत, महादेवाच्या भुयारात वाकून उतरावं लागतं, महाशिवरात्रीला पाय ठेवायला जागा नसते. मी शाळेची सहल नेत असे तेव्हा पोरं माकडं बघून नि चिवडा खाऊन परत यायची, कारण विहार कोणाचे, का कोरले, दगड कोणता, हे सांगणारा तिथे कोणी नव्हता. मी वाचून जायचे आणि सांगायचे. पलीकडे सातपुड्यात धारूळजवळ आदिमानवाने रंगवलेल्या गुहा आहेत, त्या २००७ मध्ये अमरावतीच्या निसर्गप्रेमींनी शोधून काढल्या. घरापासून एवढ्या जवळ, आणि आमच्या अर्ध्या तालुक्याला ठाऊक नाहीत. गाईड नसेल तर कप्पाडोकिया काय आणि सालबर्डी काय, दोन्हीकडे दगडंच दिसणार. दिरांना दगडं दिसली त्याचं कारण हेच. त्यात दादाच्या कळण्या-न कळण्याचा काही संबंध नव्हता.

तुमच्या कामाचं थोडं राहिलं.

इंग्रजी समजून तिथल्या तिथे मराठीत सांगणारं कोणी सोबत हवं. ते तुम्ही व्हा, मोबाईल खिशात ठेवा. बुक करताना दुकानांचे थांबे किती ते विचारा. आम्हाला एका रत्नांच्या दुकानात इतका वेळ बसवलं की इहलाराचं चालणं घाईत उरकावं लागलं. काही जण थोडे जास्त पैसे घेऊन दुकानं टाळतात, ते परवडतं. जेवण इहलाराच्या दरीत बेलिसिर्माला नदीकाठी असतं. शाकाहारी असाल तर मसुरीच्या डाळीचं सूप, भाजी आणि पाव मिळतो, पोट भरतं, लोणचं घरून न्या.

गुडघे दुखत असतील तर इहलाराच्या मुख्य वाटेने पावणेचारशेच्या वर पायऱ्या उतराव्या लागतात, हे लक्षात ठेवा. बेलिसिर्माकडून सपाट वाटेने आत जाता येतं, गाईडला आधीच सांगा. सेलिमेचा चढ निसरडा आहे, मी खाली चहा पीत बसले. देरिनकुयूमध्ये काही जिन्यांत कमरेतून वाकून चालावं लागतं आणि मागून गर्दी असली तर परतता येत नाही. बीपी किंवा दमा असेल तर काय्माक्लीला नेणारी टूर बघा, ते कमी खोल आहे, पण बंद जागेची भीती असेल तर वाटा तिथेही अरुंदच आहेत. हे मी वर "करवाच" म्हणाले त्याच्या आधी लिहायला हवं होतं बहुतेक, पण असो.

बलून करायचाच तर पहिल्याच पहाटेचा धरा, वारा असला की रद्द होतो आणि मग हाताशी दुसरी पहाट राहते. त्याच दिवशी ग्रीन टूर लावू नका, अंधारात उठवलेली माणसं दुपारी इहलारात पेंगतात. आणि आई-वडिलांची औषधं बॅगेत नको, त्यांच्या खिशात द्या. बॅग बसमध्ये राहते आणि बस दरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थांबते.