गल्ला जुळत नाही, संशय नोकरावर आहे

प्रश्न : इतवारीत आमचं किराणा-मसाल्याचं ठोक दुकान आहे. उन्हाळ्यापासून माल आणि गल्ला दोन्ही जुळत नाहीत. काउंटरवरच्या जुन्या मुलावर संशय आहे. त्याला बसवून कबुली लिहून घ्यावी का?
— एक व्यापारी, नागपूर

उत्तर : अजिबात नको. त्याला दुकानात अडवून ठेवलंत तर गुन्हा तुमच्यावरच दाखल होऊ शकतो, आणि धाकानं लिहून घेतलेला कागद कोर्टात टिकणं कठीण. त्याचा मोबाइलही हिसकावू नका.

आजच डीव्हीआरमधलं (सीसीटीव्हीचं चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्रातलं) चित्रीकरण उतरवून घ्या. हार्ड डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. डीव्हीआर आणि बिलाच्या कॉम्प्युटरच्या घड्याळांत किती मिनिटांचा फरक आहे तेही लिहून ठेवा, नाहीतर पुढचा ताळाच लागत नाही.

मग रद्द बिलांची यादी काढा. नेहमीची युक्ती अशी : बिल छापलं, रोख घेतली, गिऱ्हाईक माल घेऊन गेलं आणि चार-पाच मिनिटांनी बिल रद्द. रद्द करताना समोर गिऱ्हाईकच नसेल, तर ती वेळ टिपून ठेवा. मात्र सगळे एकाच पासवर्डनं बिल करत असतील तर रद्द कुणी केलं हे सिद्ध होत नाही. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं करा. काउंटरवरचा क्यूआर कोडही स्वतः स्कॅन करून नाव कुणाचं येतं ते बघा. मूळ कोडावर दुसरा स्टिकर चिकटवलेला असू शकतो.

मालातली तूट म्हणजे चोरीच, असं धरून चालू नका. नागपूरच्या उन्हात उघड्या पोत्यातली लाल मिरची सुकून वजनात घटते. बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, वजा करायचं राहिलं तरी आकडा चुकतो. म्हणून जास्त खपाचे दहा जिन्नस निवडा, त्यात पॅकबंद मालही घ्या, आणि आठवडाभर रोज दुकान बंद करताना मोजा : सकाळचा साठा, अधिक आवक, वजा विक्री. पॅकबंद पाकिटं सुकत नाहीत. तिथे तूट दिसली तर एकतर नोंद चुकली, नाहीतर माल बाहेर गेला.

इतकं झाल्यावरच त्या मुलाला तारीख आणि बिल नंबर घालून लेखी नोटीस द्या, उत्तराला मुदत द्या, त्याचं म्हणणं लिहून घ्या. निर्दोष माणसाची बाजारात बदनामी झाली तर ती भरून निघत नाही. पगारातून परस्पर रक्कम कापू नका.

पोलिसांत जायचं ठरलं, तर नोकरानं मालकाचा माल चोरण्याला भारतीय न्याय संहितेचं कलम 306 आणि सोपवलेल्या पैशांच्या अपहाराला 316(4) आहे. दोन्हींत सात वर्षांपर्यंत कैद. चित्रीकरणाच्या प्रतीसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा मूळ डीव्हीआर फॉरमॅट करू नका.